कारखान्यातील समुपदेशन: कामगार का येत नाहीत आणि कशाने येतील

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागप्रमुखांनी लिहिले आहे की, त्यांच्याकडे कायम, कंत्राटी आणि शिकाऊ मिळून साधारण साडेसहाशे माणसे काम करतात. दीड वर्षापूर्वी कंपनीने बाहेरच्या एका संस्थेशी कर्मचारी साहाय्य कार्यक्रमाचा करार केला. चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आणि महिन्यातून दोन दिवस समुपदेशकाची कारखान्यात भेट, असे त्याचे स्वरूप आहे. एवढ्या काळात जेमतेम अकरा जणांनी त्याचा लाभ घेतला आणि तेही बहुतेक कार्यालयातले. शॉपवरचा, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांवर काम करणारा, कामगार तिकडे फिरकलाच नाही. आता व्यवस्थापन विचारते आहे की हा खर्च चालू ठेवावा का, आणि ठेवायचा असेल तर कोण फोन करतो व कशासाठी करतो, एवढे तरी कंपनीला कळावे की नको.

मी कामगार कल्याण अधिकारी म्हणून नोकरीला लागलो, त्याला तेवीस वर्षे झाली. भोसरी, पिंपरी आणि चाकण हाच माझ्या कामाचा पट्टा राहिला आहे आणि गेली चौदा वर्षे मी केवळ समुपदेशनाचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ज्या कारखान्यात ‘कोण जातो’ हे वरच्यांना जाणून घ्यावेसे वाटते, तिथे त्यांनी ते उघडपणे विचारण्याच्या कितीतरी आधी कामगाराला त्याची कुणकुण लागलेली असते. गोपनीयतेचे आश्वासन त्याने नोटीस बोर्डावर वाचलेले असते, पण तो आश्वासन वाचून ठरवत नाही. खोली कुठे आहे, पास कोण सही करतो, वहीत काय लिहिले जाते, साहेब कुणाबरोबर चहा पितात, हे पाहून तो ठरवतो.

एका कारखान्यात मला बसायला दिलेली खोली टाइम ऑफिसला लागून होती. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती आणि समोरच हजेरीचे यंत्र, म्हणजे शिफ्ट सुटताना दोनशे माणसे त्या काचेसमोर रांगेत उभी. कामाच्या वेळेत माझ्याकडे यायचे तर सुपरवायझरच्या सहीचा पास लागे आणि त्या पासावर ‘कारण’ असा रकाना होता. पहिले दोन महिने माझ्याकडे कोणीही आले नाही. मग एक दिवस कँटीनबाहेर हात धुताना एका जुन्या टर्नरने मला बाजूला घेऊन सांगितले, “साहेब, तुमच्या खोलीत शिरलेला माणूस अख्ख्या लाईनला दिसतो. दुसऱ्या दिवशी विचारतात, बिघाड डोक्यात हाय का घरात?” त्या आठवड्यात मी व्यवस्थापनाला विनंती केली आणि खोली कारखान्याच्या दवाखान्यामागे हलवून घेतली. दवाखान्यात प्रत्येक जण कधी ना कधी जातोच. कोणी रक्तदाब मोजायला, कोणी बोटाला पट्टी बांधायला, कोणी डोळ्यांच्या वार्षिक तपासणीला. पासावर ‘दवाखाना’ एवढेच लिहिले जाऊ लागले. माझ्या कामात, माझ्या शिक्षणात किंवा माझ्या बोलण्यात काहीही बदल झाला नव्हता. तरी महिनाभरात माणसे येऊ लागली.

आली तीही मनाचे दुखणे घेऊन नव्हे, हे मुद्दाम सांगतो. पहिला आला तो मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला. दुसरा भावाशी चाललेल्या जमिनीच्या वाटणीबद्दल. कामगार पहिल्या भेटीत जो प्रश्न आणतो, तो बहुधा आपल्याला पारखण्यासाठी आणलेला असतो. तो सोडविण्यासाठी आपण मनापासून धडपडलो आणि त्याची वाच्यता कुठे झाली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत खरे दुखणे बाहेर येते. म्हणून ज्या करारात ‘कौटुंबिक, आर्थिक व कायदेविषयक बाबी कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर’ असे कलम घातलेले असते, तो करार शॉपवर चालत नाही. आपला करार काढून हे कलम आहे का ते आधी पाहावे.

आर्थिक बाबीवर थोडे थांबतो, कारण आपल्या भागातल्या कारखान्यांत झोप उडण्याचे सर्वांत मोठे कारण मी तेच पाहिले आहे. एक फिटर माझ्यासमोर बसला आणि काही न बोलता त्याने खिशातून चार घड्या घातलेले पगारपत्रक काढून टेबलावर पसरले. ढोबळ पगार सव्वीस हजारांच्या वर आणि हातात पडणारी रक्कम सहा हजार आठशे. कामगार पतसंस्थेचे दोन हप्ते, कँटीन, भविष्य निर्वाह निधी आणि घेतलेली उचल. त्या वेळी लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये एरवी पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत कपात चालत असे, पण सहकारी पतसंस्थेची वसुली असेल तर ती मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत जाई. म्हणजे कागदोपत्री सगळे कायद्याला धरूनच होते. पगारपत्रकात न दिसणारे आणखी दोन हप्ते होते, एक मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या ॲपचा आणि एक भिशीचा. त्या ॲपवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली होती. अशा माणसाला दीर्घ श्वास घ्यायला शिकविणे हा त्याचा अपमान आहे. आम्ही पतसंस्थेच्या सचिवांना, अर्थात त्याच्या संमतीने, भेटलो. दोन कर्जांचे एक करून मुदत वाढवून घेतली आणि ॲपच्या धमक्यांची तक्रार सायबर पोलिसांकडे करायला त्याला मदत केली. त्यानंतर तो झोपेबद्दल बोलू लागला, आणि मग आपल्या बायकोपासून हे सारे लपविल्याबद्दल. समुपदेशन म्हणतात ते तिथून सुरू झाले.

दारूचा विषय याला लागूनच येतो. किंबहुना या कार्यक्रमांचा जन्मच त्यातून झाला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ अमेरिकेत १९३५ साली उभी राहिली आणि तिच्या अनुभवाचा आधार घेऊन पुढच्या दशकात ड्यूपाँ, ईस्टमन कोडॅक अशा कंपन्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांना काढून न टाकता बरे करण्याचे कार्यक्रम सुरू केले. त्यांतूनच पुढे घरगुती, मानसिक, आर्थिक अशा सगळ्या अडचणींना सामावून घेणारा आजचा साहाय्य कार्यक्रम घडत गेला. त्या जुन्या कार्यक्रमांतली एक गोष्ट मला आजही सर्वांत मोलाची वाटते: सुपरवायझरने निदान करायचे नाही, त्याने फक्त कामाची नोंद ठेवायची आणि त्या नोंदीवरून माणसाशी बोलायचे.

हे न झाल्याने काय होते, ते सांगतो. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.) एक प्रेस ऑपरेटर, म्हणजे धातूचा पत्रा दाबून आकार देणारे यंत्र चालविणारा, एकोणीस वर्षांची नोकरी, हाताला कसब. त्याचे खाडे सोमवारी आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी पडत. त्याचा सुपरवायझर भला माणूस होता; तो ते खाडे कॉम्प-ऑफमध्ये (जादा कामाच्या बदल्यातल्या सुट्टीत) बसवून घेत असे आणि सकाळी त्याला प्रेसवर न लावता साफसफाईला लावत असे, कारण सकाळचा चहाचा ग्लास या माणसाला दोन्ही हातांनी धरावा लागे. हे सुपरवायझर दीड वर्ष पाहत होता. आपण त्याची नोकरी वाचवतो आहोत, असे त्याला वाटत होते; प्रत्यक्षात आजार पिकायला तो जागा करून देत होता. एके दिवशी माणसे कमी असताना त्याला सकाळीच प्रेसवर उभे राहावे लागले आणि बोटे थोडक्यात वाचली, तेव्हा हे प्रकरण माझ्याकडे आले.

आम्ही केले ते असे. सुपरवायझरला बसवून सहा महिन्यांचे खाडे, उशिरा येणे आणि रद्द झालेला माल यांची तारखेनिशी एक साधी यादी करायला लावली. त्या यादीत ‘दारू’ हा शब्द कुठेही नव्हता. ती समोर ठेवून सुपरवायझरने त्याला एवढेच सांगितले की काम असे चालू राहिले तर पुढे चार्जशीट, म्हणजे कंपनीचे शिस्तभंगाचे आरोपपत्र, येईल. तुला काही अडचण असेल तर मागे दवाखान्यात जाऊन बोल, तिथे काय बोललास ते मला कळणार नाही आणि मी विचारणारही नाही. तो दुसऱ्या दिवशी आला. आठवड्याने त्याची पत्नी आली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात येरवड्याला सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र या भागातल्या कारखान्यांना चांगले परिचित आहे. तो तिथे दाखल झाला. रजेच्या नोंदीत ‘वैद्यकीय’ एवढेच राहिले. परत आल्यावर पहिले तीन महिने त्याला प्रेसऐवजी तपासणीच्या टेबलावर बसविले आणि ज्या संध्याकाळी त्याची व्यसनमुक्तीची बैठक असे, त्या दिवशी त्याला फर्स्ट शिफ्ट मिळेल अशी सोय केली. खरी परीक्षा मात्र कँटीनमध्ये होती. पहिल्या दिवशी तो ताट घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच सुपरवायझरने बाकावर सरकून त्याला जागा दिली. सात महिन्यांनी तो एकदा घसरला. या वेळी सुपरवायझरने खाडा लपविला नाही, त्याच दिवशी मला फोन केला. म्हणून आपल्याला माझा आग्रह आहे की पुढच्या वर्षाच्या पैशांतला मोठा वाटा भित्तिपत्रकांवर न घालवता सुपरवायझरांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा. शॉपवरचा माणूस हेल्पलाइनचा क्रमांक वाचून येत नाही. त्याला कोणीतरी योग्य शब्दांत पाठवावे लागते.

आता हेल्पलाइनविषयी. आपण स्वतः तो क्रमांक एकदा रात्री दोन वाजता फिरवून पाहावा. मी अशा अनेक क्रमांकांवर फोन केला आहे. आधी इंग्रजीत स्वागत, मग भाषेसाठी बटण दाबा, मग कर्मचारी क्रमांक सांगा. कर्मचारी क्रमांक विचारला की निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात, कारण तोच क्रमांक त्यांच्या हजेरीवर आणि पगारावर असतो. संस्थेला कंपनीची खातरजमा करायचीच असेल, तर सर्वांसाठी एकच सामायिक सांकेतिक शब्द पुरतो. मराठी बोलणारा माणूस पलीकडे असणे ही मी सवलत मानत नाही, ती किमान अट मानतो. लातूर-नांदेडकडून आलेला, म्हाळुंग्यात कॉट बेसिसवर राहणारा वीस वर्षांचा ट्रेनी आपली घुसमट परक्या भाषेत कशी सांगेल? एका खोलीत आठ जण, तिन्ही शिफ्टचे, त्यामुळे खोलीत दिवसा कोणी ना कोणी झोपलेलेच. अशा मुलाला फोनवर मोकळेपणाने बोलायला जागाच नसते, हेही लक्षात घ्यावे. त्याच्यासाठी समोरासमोरची भेट हवी आणि ती शिफ्ट बदलण्याच्या सुमारास हवी. समुपदेशक दहा ते पाच बसत असेल, तर थर्ड शिफ्टवाल्यासाठी तो नसल्यासारखाच आहे. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. आपल्या कार्यक्रमाच्या पत्रकावर हा क्रमांकही छापावा. कंपनीशी अजिबात संबंध नसलेला एक मार्ग आपणच दाखविला, तर कंपनीच्या मार्गावरचा विश्वासही वाढतो, असा माझा अनुभव आहे.

कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांना आपल्या करारात धरले आहे का, हे पत्रात आलेले नाही. धरले नसेल, तर साडेसहाशेंपैकी ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे तेच बाहेर राहिले आहेत. त्यांची नोकरी अकरा महिन्यांची असते, म्हणून आपले दुखणे उघड करण्याची भीती त्यांना कायम कामगारापेक्षा कितीतरी जास्त असते.

कंपनीला नावे कळावीत का, याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला आपल्या आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याला ठरावीक अपवाद ठेवले आहेत, त्यांत दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून आवश्यक तेवढी माहिती देणे हा एक आहे. व्यवहारात मी पहिल्याच भेटीत माणसाला साध्या भाषेत सांगतो की तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, आणि तेव्हाही कोणाला काय सांगतो आहे ते आधी तुला सांगेन. क्रेनचालक, प्रेस ऑपरेटर अशांच्या बाबतीत व्यवस्थापनाची काळजी रास्त आहे, पण तिचा मार्ग वेगळा आहे: कारखान्याचे डॉक्टर ‘या कामास सध्या योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढा दाखला देतात, आजाराचे नाव देत नाहीत, आणि व्यवस्थापनाला निर्णयासाठी तेवढे पुरते. लैंगिक छळाची तक्रार समुपदेशकाकडे बोलली गेली, तर त्याने २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीचा मार्ग त्या स्त्रीला नीट समजावून सांगावा, तक्रार लिहिताना तिच्याजवळ बसावे. पण तिच्या संमतीशिवाय ती बाहेर नेऊ नये. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या कामगारावर काही ठिकाणी शिस्तभंगाची कारवाई करायला निघालेले मी पाहिले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचेच कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते. तिला उपचार हवे असतात, चार्जशीट नव्हे.

कंपनीला जे मिळायला हवे ते आकड्यांचे तिमाही निवेदन: किती जण आले, कोणत्या प्रकारच्या अडचणी होत्या, किती जणांना पुढे पाठविले. त्यातही एक दक्षता घ्यावी लागते. एखाद्या विभागातले पाचांहून कमी जण आले असतील, तर त्या विभागाचा आकडा वेगळा दाखवू नये. ‘पेंट शॉप, स्त्री, कौटुंबिक: १’ अशी ओळ मी एका अहवालात पाहिली आहे, त्या पेंट शॉपमध्ये स्त्रिया दोनच होत्या. नावाशिवायही नाव कळते, ते असे. बिले तपासताना लेखा विभागाकडे नावांची यादी जाते का, हेही पाहावे. पुष्कळदा गोपनीयता फुटते ती समुपदेशकाकडून नव्हे, बिलाला जोडलेल्या त्या कागदातून.

या निवेदनाचा उपयोग मात्र झाला पाहिजे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३६ साली समुपदेशनाचा मोठा प्रयोग सुरू झाला. समुपदेशक शॉपवर फिरत आणि कामगारांचे मनापासून ऐकून घेत. पण ऐकलेल्या तक्रारींवर काही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. दोन दशकांत तो प्रयोग आटोपला. त्यामागे इतरही कारणे होती, तरी मी माझ्यापुरता त्यातून हाच धडा घेतला आहे की ऐकून घेणे हे काही बदलण्याला पर्याय होऊ शकत नाही. माझ्याकडे एकदा एकाच लाईनवरचे नऊ जण तीन महिन्यांत आले, सगळ्यांची तक्रार झोपेची आणि घरात उडणाऱ्या खटक्यांची. त्यांच्या शिफ्ट उलट्या क्रमाने फिरत होत्या, थर्डवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट, आणि बदलाच्या दिवशी मधे पुरती विश्रांतीही नव्हती. नावे न सांगता हा मुद्दा मी प्लँट प्रमुखांसमोर मांडला. त्यांनी युनियनशी बोलून क्रम सुलटा केला आणि बदलाच्या आठवड्यात सुट्टी मधे घातली. त्या नऊ जणांना पुढे माझी फारशी गरज लागली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या रचनेतील बदलांना आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाला ठळक स्थान आहे. युनियनला या कार्यक्रमात पहिल्या दिवसापासून घ्यावे, ते याचसाठी.

समुपदेशक कोण आहे, हेही तपासावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसता ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र कोणीही दारावर लावतो. मानसशास्त्र किंवा समाजकार्य यांतील पदव्युत्तर शिक्षण, कामगारांबरोबर काम केल्याचा अनुभव आणि आपल्या कुवतीबाहेरचे प्रकरण ओळखून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्याची तयारी, एवढे मी पाहतो. पाठवायचे कुठे, हे आधी ठरलेले असावे. पुण्याच्या ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, शिवाय जे कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आहेत त्यांना त्या योजनेतले उपचार मिळतात. सायकोसिससारख्या (वास्तवाचे भान सुटणाऱ्या) दीर्घ आजारात, किमान दोन वर्षांची सलग नोकरी आणि इतर अटी पूर्ण असतील तर, त्या योजनेत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत वाढीव आजारपण भत्ता मिळू शकतो. ही तरतूद माहीत नसल्याने बिनपगारी होऊन शेवटी राजीनामा दिलेली दोन माणसे मला ठाऊक आहेत.

एक विचारायचे राहिले: आपल्याकडे कल्याण अधिकारी आहे ना? कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात तो लागतच असे. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा अडीचशेवर आणली आहे. तो असेल आणि त्याचा सारा दिवस कँटीनच्या तक्रारी व बसच्या वेळापत्रकात जात असेल, तर बाहेरच्या संस्थेचा आणि त्याचा दुवा जोडून द्यावा. रोज शॉपवर फिरणारा, नावाने ओळखणारा माणूस तोच असतो.

करार बंद करू नये, पण आहे तसा पुढेही नेऊ नये. नूतनीकरणापूर्वी खोलीची जागा, पासावरचा रकाना, कर्मचारी क्रमांकाची अट, बिलाची जोडपत्रे आणि बसण्याच्या वेळा, एवढ्या पाच गोष्टी बदलून घ्याव्यात, कंत्राटी कामगारांना आत घ्यावे आणि सुपरवायझरांची पहिली तुकडी प्रशिक्षणाला बसवावी. मग वर्षभर थांबावे. पहिल्या सहा महिन्यांत येणारे बहुतेक जण शाळेचे अर्ज आणि कर्जाचे हप्ते घेऊन येतील, आणि ‘यासाठी का आपण पैसे देतो?’ असे वरून विचारले जाईल. त्या वेळी व्यवस्थापनाला सांगावे की ही माणसे दार पारखायला आली आहेत.